इतिहासाच्या परीक्षेला बसताना

इशाची नमाज होऊन गेली होती. दाराची कडी वाजली. बघते तर बारावीतली माझी विद्यार्थिनी, तिचे अब्बा आणि अम्मी. अब्बांचे इथे सोलापुरात टू-व्हीलर दुरुस्तीचे दुकान आहे. दुकान बंद करून ते तसेच आले होते, बोटांना अजून ऑईल होते. चहा येईपर्यंत कुणी काही बोलले नाही. मग अम्मींनीच तोंड उघडले, "टीचर, ये हिस्ट्री लेके क्या करेंगी? आप ही समझाओ इसको."

मुलीला सीयूईटी देऊन बाहेरच्या मोठ्या विद्यापीठात इतिहासात बी.ए. करायचे होते. फॉर्म भरायला थोडेच दिवस उरले होते. नर्सिंग किंवा डी.एड. असते तर इतके विचारावे लागले नसते. "इतिहास म्हणजे गेलेल्या लोकांच्या गोष्टी, त्याला पैसा कशाला," हे वाक्य मी वीस वर्षे ऐकत आले आहे. गंमत म्हणजे आपल्याच घरात रात्रीच्या जेवणावर सगळ्यांत जास्त चर्चा इतिहासाचीच होते. मोबाईलवर आलेला कुठलातरी व्हिडिओ असतो, कुणीतरी काहीतरी बोललेले असते आणि भाईजानचा आवाज चढलेला असतो.

त्या रात्री मी त्यांना जे सांगितले, तेच थोडे विस्ताराने इथे लिहिते. दरवर्षी फेब्रुवारी-मार्च आला की अशी दोन-तीन घरे तरी माझ्याकडे येतात. तुमच्याही ओळखीत असतील.

आधी परीक्षेचे बघू. सीयूईटी २०२२ साली सुरू झाली. केंद्रीय विद्यापीठांत बी.ए.ला जायचे तर आता बहुतेक ठिकाणी हाच दरवाजा आहे. अलीगढ आणि जामियात काही अभ्यासक्रमांना सीयूईटी चालते, काहींना त्यांची स्वतःची परीक्षा असते, म्हणून दोन्हींचे माहितीपत्रक वेगवेगळे वाचावे लागते. परीक्षा संगणकावर होते. २०२५ पासून प्रत्येक विषयाला पन्नास प्रश्न, सगळे सक्तीचे, वेळ एक तास. बरोबर उत्तराला पाच गुण मिळतात आणि चुकीला एक कापला जातो. जास्तीत जास्त पाच विषय घेता येतात. कुठल्या विद्यापीठाला कुठली भाषा आणि कुठले विषय लागतात हे फॉर्म भरण्यापूर्वी कागदावर लिहून काढा. विषयांची जोडणी चुकली म्हणून उत्तम गुण असूनही यादीत नाव न लागलेली मुले मी पाहिली आहेत.

आता आपल्या मुलांची खरी अडचण. महाराष्ट्र बोर्डाचे बारावीचे इतिहासाचे पुस्तक युरोपातल्या प्रबोधनापासून सुरू होते आणि वसाहतवाद, महायुद्धे, शीतयुद्ध करत बदलत्या भारतापर्यंत येते. पुस्तक वाईट नाही, मला ते शिकवायला आवडते. पण सीयूईटीचा इतिहास एनसीईआरटीच्या बारावीच्या तीन भागांवर बेतलेला आहे, आणि ते पुस्तक हडप्पाच्या विटांपासून सुरू होऊन संविधान सभेपाशी संपते. म्हणजे बोर्डात नव्वद गुण मिळवणारी मुलगी सीयूईटीला बसते तेव्हा अर्ध्याहून जास्त भाग तिने त्या वर्षी उघडूनही पाहिलेला नसतो. प्राचीन भारत अकरावीत होऊन गेलेला असतो आणि अकरावीचे कुणाला काय आठवते! मुले येऊन म्हणतात, पेपर अवघड होता. अवघड नव्हता, दुसऱ्या पुस्तकाचा होता.

इथे उर्दू माध्यमाच्या मुलांकडे एक अशी चीज आहे जी मराठी माध्यमाच्या मुलांकडे नाही. एनसीईआरटीची पुस्तके इंग्रजी, हिंदी आणि उर्दूत निघतात. मराठीत निघत नाहीत. उर्दूतली पुस्तके एनसीईआरटीच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. शिवाय सीयूईटी तेरा भाषांत देता येते आणि त्यांत मराठी आणि उर्दू दोन्ही आहेत. आपल्याकडे उर्दू माध्यम म्हटले की लोक सहानुभूतीने बघतात. या एका पेपरापुरती तरी ती सहानुभूती आपण परत करू शकतो.

मात्र मी मुलांना प्रत्येक प्रकरण दोनदा वाचायला लावते, एकदा उर्दूत समजण्यासाठी आणि एकदा इंग्रजीत शब्दांसाठी. पुढे कॉलेजात व्याख्याने इंग्रजीत असणार, आणि जुलैत वर्गात बसल्यावर घाबरण्यापेक्षा फेब्रुवारीत आपल्या खोलीत घाबरलेले बरे. मराठी माध्यमाच्या मुलांनी हिंदी आणि इंग्रजी घ्यावे. २०२३ साली या पुस्तकातून काही भाग वगळले गेले, त्यात मोगल दरबार आणि बखरकारांवरचे प्रकरण होते. जुनी प्रत हाताशी असेल तर टाकू नका. परीक्षेसाठी काय लागते ते त्या वर्षीचा एनटीएचा अभ्यासक्रम बघून ठरवा, पण वाचायला सगळेच वाचा.

प्रश्न कसे असतात? सनावळीचा क्रम लावा, जोड्या जुळवा, विधान आणि कारण तपासा, उतारा वाचून उत्तर द्या. आईन-इ-अकबरीतले जमिनीचे चार प्रकार, पोलज, परौती, चाचर, बंजर, हे तर जोड्यांसाठीच जन्माला आल्यासारखे आहेत. त्या पुस्तकातली प्रवाशांची आणि भक्ती-सूफी परंपरेची प्रकरणे आपल्या मुलांना सोपी वाटतात, कारण खानकाह, सिलसिला, जियारत हे शब्द घरात ऐकलेले असतात. पण याच प्रकरणांत ती सर्वांत जास्त चुकतात. का? तर घरात ऐकलेले आहे म्हणून वाचतच नाहीत. इब्न बतूता १३३३ साली सिंधला पोहोचला आणि मुहम्मद बिन तुघलकने त्याला दिल्लीचा काझी नेमले, एवढे सगळ्यांना येते. पण त्याने घोड्यांच्या डाकेला काय म्हटले आहे आणि पायी धावणाऱ्यांच्या डाकेला काय, हे विचारले की शांतता. घोड्यांची ती उलुक, पायी ती दावा. मलफूजात म्हणजे सूफी बुजुर्गांच्या संभाषणांची नोंद. हजरत निजामुद्दीन औलियांची संभाषणे अमीर हसन सिज्जी देहलवींनी लिहून घेतली, त्या ग्रंथाचे नाव फवाइदुल फवाद. हे पुस्तकात आहे. मी त्यात माझ्याकडून एक ओळ जोडते. हेच अमीर हसन पुढे दौलताबादला आले आणि त्यांची कबर आपल्या खुलदाबादला आहे. ही ओळ सांगितल्यापासून एकाही मुलाने तो प्रश्न चुकवलेला नाही.

गुण कापण्याच्या भीतीबद्दल थोडे सांगते, कारण याबाबतीत आपण शिक्षकच चुकीचे शिकवतो. "येत नसेल तर सोडून द्या" असे आपण म्हणतो. हिशेब करून बघा. चार प्रश्न निव्वळ अंदाजाने सोडवले, एक बरोबर आला, तीन चुकले, तर पाच मिळाले आणि तीन गेले. दोन गुण हातात राहिलेच. दोन पर्याय निश्चित चुकीचे आहेत हे कळले तर फायदा आणखी वाढतो. तेव्हा कोरे काही ठेवू नका. अर्थात नशिबाने चार-सहा गुण मिळतील, जागा मिळणार नाही.

फॉर्म, पेपर, गुण, सगळे ऐकून घेतल्यावर अब्बांनी विचारले, "ठीक आहे, बी.ए. झाले. पुढे?" प्रश्न रास्त आहे. शिक्षण, स्पर्धा परीक्षा, वस्तुसंग्रहालये, पुराभिलेखागारे, हे रस्ते आहेतच. पण ज्यांना खरोखर संशोधनात जायचे आहे त्यांची वाट एम.ए. आणि नेटवरून जाते. तिथे मुलाखत येते आणि मुलाखतीत आपली मुले मागे पडतात.

नेटचे दोन पेपर एकत्र तीन तासांत होतात, एकूण दीडशे प्रश्न, चुकीला गुण कापत नाहीत. इतिहासाचा पेपर इंग्रजी किंवा हिंदीतच असतो. जेआरएफ मिळाली तर २०२३ पासून महिना ३७ हजार रुपये. मौलाना आझाद फेलोशिप बंद झाल्यापासून आपल्या गरीब घरातल्या मुलांसाठी या रकमेचे मोल काय आहे ते वेगळे सांगायला नको. आपल्याकडची सेट दिली तर महाराष्ट्र आणि गोव्यात प्राध्यापकपदाला पात्र होता येते, पण तिला फेलोशिप नाही. पीएच.डी.च्या प्रवेशासाठी २०२४ पासून नेटचे गुण धरतात. जेआरएफ असलेल्याचा निर्णय मुलाखतीवर होतो. बाकीच्यांना सत्तर टक्के भार नेटच्या गुणांचा आणि तीस टक्के मुलाखतीचा. तीस म्हणजे थोडे नव्हे.

माझा एक विद्यार्थी काही वर्षांपूर्वी अशाच एका मुलाखतीला गेला होता. हुशार मुलगा, चौरीचौरापासून कॅबिनेट मिशनपर्यंत सगळे तोंडपाठ. आत गेल्यावर पहिला प्रश्न आला, "तुम्ही सोलापूरचे. १९३० साली तिथे काय झाले?" तो अडखळला. लहानपणापासून तो रोज चार पुतळ्यांवरून शाळेत येत होता. ते चौघे कोण, हे त्याला विचारायचे कधी सुचले नाही आणि आम्ही शिक्षकांनीही कधी सांगितले नव्हते. गांधीजींच्या अटकेनंतर मे १९३० मध्ये सोलापूर पेटले, इंग्रजांनी इथे मार्शल लॉ लावला आणि मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा, कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला फाशी दिले. देशभराच्या पुस्तकात सोलापूरला फार तर एक ओळ मिळते. पण मुलाखत घेणारा प्राध्यापक तुमच्या अर्जावरचे गावाचे नाव वाचतो आणि तिथूनच सुरुवात करतो. त्याला बघायचे असते की हा मुलगा फक्त पुस्तक वाचतो की आजूबाजूलाही बघतो.

त्या वर्षीपासून मी एक सवय लावली आहे. इतिहास घेणाऱ्या प्रत्येकाने आपल्या गावाची किंवा मोहल्ल्याची चार पाने स्वतः लिहून आणायची. मालेगावच्या मुलाने यंत्रमागावर लिहावे, कोकणातल्या मुलीने आपल्या बंदरावर, औरंगाबादच्या मुलाने मलिक अंबरच्या नहरीवर. आम्ही एकदा मुलांना नळदुर्गला नेले. किल्ल्यातला पाणीमहाल इब्राहीम आदिलशाह दुसरा याच्या काळचा. बोरी नदीवर धरण बांधून भिंतीच्या पोटात महाल काढलेला. मुलांनी आधी फोटो काढले. मग एकाने विचारले, "टीचर, धरण का बांधले असेल, पाण्यासाठी की खंदकासाठी?" मला उत्तर माहीत होते, पण मी दिले नाही. त्याला परतीच्या एसटीत दीड तास विचार करू दिला.

आता ज्या प्रश्नाची आपल्या घरांना सर्वांत जास्त धास्ती असते त्याकडे येते. नाव मुस्लिम, विषय मध्ययुगीन इतिहास. समोरून औरंगजेब येणार का? येऊ शकतो. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीला आला. प्रश्न साधा होता, "औरंगजेबाच्या धार्मिक धोरणाकडे तुम्ही कसे बघता?" विचारणाऱ्याच्या मनात खोट असेलच असे नाही. मध्ययुगाच्या कुठल्याही विद्यार्थ्याला हा प्रश्न विचारला जातो, नाव काहीही असो. पण आपल्या मुलांच्या पोटात गोळा येतो आणि मग दोनपैकी एक गोष्ट घडते. काही जण बादशहाचे वकील होतात. सगळे आरोप खोटे, सगळे इंग्रजांनी रचले. तर काही जण समोरच्याला खूश करण्यासाठी लगेच निषेधाचे भाषण सुरू करतात. दोन्हींत उत्तर नाही. आपल्याला तिथे आरोपी म्हणून बोलावलेले नाही आणि न्यायाधीश म्हणूनही नाही.

त्या मुलीने काय केले ते सांगते, कारण ते मला फार आवडले. तिने दोन गोष्टी शेजारीशेजारी ठेवल्या. पहिली, औरंगजेबाने १६७९ मध्ये जिझिया पुन्हा लावला. दुसरी, अलीगढचे एम. अथर अली यांनी मोगल उमरावांच्या याद्या तपासून १९६६ मध्ये जे पुस्तक लिहिले, त्यातला आकडा. हजारी आणि त्यावरच्या मनसबदारांत हिंदूंचे प्रमाण १६५८ ते १६७८ या काळात २१.६ टक्के होते, १६७९ ते १७०७ या काळात ते ३१.६ टक्के झाले. म्हणजे ज्या वर्षापासून जिझिया सुरू होतो, त्याच वर्षापासून पुढच्या काळात दरबारात हिंदू सरदार वाढलेले दिसतात. मग ती म्हणाली, एवढ्यावरून त्याला उदार ठरवता येणार नाही, कारण ही वाढ मुख्यतः दख्खनच्या युद्धात मराठा सरदारांना आपल्याकडे ओढण्यातून आली. आणि नुसत्या जिझियावरून पूर्ण राज्यकारभार समजतो असेही नाही. धोरण, गरज आणि युद्ध यांचा हिशेब वेगवेगळा मांडावा लागेल.

पुढचा प्रश्न आला, "तुमचे स्वतःचे मत काय?" ती म्हणाली, "सर, मला अजून फारसी नीट वाचता येत नाही. अखबारात वाचल्याशिवाय मी मत बनवणार नाही." पॅनेलवरचे एक गृहस्थ हसले आणि मग संभाषण अखबारातींवर गेले, म्हणजे दरबारातून निघणाऱ्या त्या फारसी बातमीपत्रांवर. तिला प्रवेश मिळाला. याच उत्तराने मिळाला असे मी म्हणणार नाही, तिचा नेटचा निकालही चांगला होता.

फारसीचा विषय निघाला म्हणून सांगते. उर्दू लिपी येणाऱ्या मुलाला फारसीचा अर्धा डोंगर आधीच चढून झालेला असतो. नस्तालीक वाचता येते, शब्द ओळखीचे असतात, राहते ते व्याकरण. मराठीही आपलीच असल्यामुळे मोडी शिकणे अवघड नाही. महाराष्ट्राच्या सतराव्या-अठराव्या शतकाचे कागद याच दोन लिप्यांत आहेत. भीमसेन सक्सेनासारखा हिंदू कायस्थ औरंगजेबाच्या फौजेबरोबर दख्खनमध्ये फिरला आणि त्याने आपल्या आठवणी फारसीत लिहिल्या. सेतुमाधवराव पगडींसारख्या माणसाने अशी फारसी साधने मराठीत आणण्यात आयुष्य घातले. ज्या मुलाला मोडी आणि फारसी दोन्ही वाचता येतात, असा विद्यार्थी कुठल्याही विद्यापीठाला हवाच असतो. आपल्या मोहल्ल्यातून तो का निघू नये?

मुलाखतीची तयारी घरात करता येते, त्याला क्लासची गरज नाही. मी मामूंना किंवा मोठ्या भावाला समोर बसवते आणि त्यांना एकच काम देते. मुलगी जे काही बोलेल त्यावर "हे कशावरून?" एवढेच विचारायचे. तिसऱ्या "कशावरून"ला बहुतेक मुले रडकुंडीला येतात. पण आठ दिवसांनी तीच मुले बोलताना आधीच म्हणू लागतात, अमुक शिलालेखावरून, अमुक प्रवाशाच्या लिहिण्यावरून. येत नसेल तर "मला माहीत नाही" म्हणायचीही सवय करावी लागते. आपल्या घरांत मोठ्यांसमोर गप्प बसणे अदब समजतात, म्हणून मुलगी गप्प राहते, आणि समोरच्याला वाटते हिला बोलताच येत नाही. गप्प बसण्यापेक्षा "माहीत नाही, पण असा अंदाज करता येईल" म्हणणे जास्त अदबीचे आहे, हे मी पालकांनाही सांगते. आणि संशोधनाचा विषय सांगताना "मलिक अंबर" एवढेच सांगू नये. मलिक अंबरचे काय? महसूल, नहर, फौज की बांधलेले शहर? कागद कुठे आहेत? विषय जितका लहान कराल तितके तुम्हाला जास्त विचारता येईल आणि जास्त सांगताही येईल.

त्या रात्री अकरा वाजले. अम्मींची शेवटची शंका राहण्याची होती. मुलगी दिल्लीला, एकटी, वसतिगृहात. यावर माझ्याकडे शिक्षिकेचे उत्तर नव्हते, आईचे होते. माझीही मुलगी बाहेर शिकते आणि पहिले सहा महिने मी रोज रात्री तिच्या फोनची वाट बघत जागी होते. हे मी त्यांना तसेच सांगितले. वसतिगृह विद्यापीठाच्या आवारात मिळेल अशीच विद्यापीठे आधी भरू, असे ठरले. यादीत हैदराबाद वर आले, दिल्ली खाली गेली. मुलीचे तोंड थोडे उतरले, पण फॉर्म भरला गेला.

परवा दुपारी त्यांच्या दुकानावरून जात होते. अब्बांनी गाडीखालून मान बाहेर काढून हाक मारली. काउंटरवर ग्रीसचे बोट उमटलेले उर्दू पुस्तक पडले होते, एनसीईआरटीचा दुसरा भाग, छापून बांधलेला. "टीचर, ते अमीर हसन खुलदाबादला आहेत म्हणे? आम्ही दोनदा जाऊन आलो, कुणीच दाखवले नाही. नक्की कुठे, ते जरा लिहून द्या."